झुरळं काही ॲडजस्ट होत नाहीत

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी पेस्ट कंट्रोलवाला मुलगा आला होता. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आहे आमचं, तीन महिन्यांतून एकदा येतो, ओट्याखालच्या ट्रॉल्या बाहेर ओढतो, छोटा टॉर्च दातात धरतो आणि इंजेक्शनसारख्या ट्यूबमधून बिजागऱ्यांच्या फटीत तांबूस जेलचे ठिपके देत जातो, मोहरीपेक्षा जरा मोठे. मी म्हटलं, अरे मागच्या वेळचे ठिपके बघ, वाळून खडे झालेत, कोणी चाटलेले पण दिसत नाहीत आणि झुरळं मात्र चमच्यांच्या ट्रेपर्यंत आलीत. तर टॉर्च दातातून काढून तो एकदम शांतपणे म्हणाला, "मॅडम, ती आता ॲडजस्ट झालीत."

मला हसूच आलं. ऐरोलीत वीस वर्षं काढलेल्या बाईला ॲडजस्ट हा शब्द काय नवीन आहे का. ठाणे-वाशी लोकलमध्ये तिघींच्या सीटवर चौथी येते, "जरा ॲडजस्ट करा ना" म्हणते, आपण एक मांडी आत घेतो आणि ती उरलेल्या चार बोटं जागेवर ठाण्यापर्यंत टेकते. लग्न होऊन आले तेव्हा वन रूम किचनमध्ये आम्ही पाच माणसं, आईने फोनवर सांगितलं होतं, होईल हळूहळू ॲडजस्ट. झालंही. नळाला एक वेळ पाणी, ॲडजस्ट. समोरच्या टॉवरने हवा अडवली, ॲडजस्ट. त्यामुळे झुरळं ॲडजस्ट झाली म्हटल्यावर क्षणभर मला त्यांच्याबद्दल आपुलकीच वाटली.

पण मग दुपारी भांडी लावताना तोच विचार परत आला. झुरळांनी नक्की केलं काय? म्हणजे एखाद्याने जेल खाल्लं, त्याला बाधलं, मग त्याने ठरवलं की बाबा हे परत नको, असं? पण ज्याने खाल्लं ते तर मेलं. मेलेलं झुरळ काय शिकणार आणि कोणाला शिकवणार.

त्याच आठवड्यात लेकीची टेस्ट होती. दहावी, स्टेट बोर्ड, विज्ञान भाग २, पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. ती बेडवर लोळून पाठ करत होती आणि मी बाजूला कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होते. जिराफाने वरचा पाला खायला मान ताणली, ताणून ताणून ती लांब झाली, मग पिल्लांचीही लांब झाली. हे लामार्क नावाच्या जुन्या शास्त्रज्ञाचं म्हणणं आणि ते पुढे मान्य झालं नाही हे सगळं तिला येत होतं, दोन मार्काचं उत्तर तयार होतं, पण पुस्तक मिटल्यावर विचारलं की मग जिराफाची मान लांब कशी झाली ग, तर म्हणाली, "ताणून." आणि खरं सांगते, माझ्याही डोक्यात इतकी वर्षं तोच जिराफ उभा होता. कारण तो आपल्यातला आहे ना. मेहनत करतो, अडचणीतून मार्ग काढतो, पोराबाळांसाठी काहीतरी ठेवून जातो. डार्विनने १८५९ मध्ये पुस्तक काढून जी गोष्ट सांगितली ती मुलांना झोपताना सांगण्यासारखी नाहीच. लांब मानेची, आखूड मानेची, मधल्या मानेची अशी सगळी पिल्लं जन्माला येतात, ज्यांची मान पोचत नाही त्यांना कमी मिळतं, त्यांची पिल्लं कमी जगतात आणि त्यांची ओळ हळूहळू संपते. कोणाच्याच मानेत कष्टाने वाढ होत नाही.

हे डोळ्यासमोर घडताना मोजलेलं आहे. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर नावाचा एक बारका खडक आहे, तिथे पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे नवराबायको १९७३ पासून फिंच पक्षी पकडून त्यांच्या पायात कडी घालायचे, चोच मोजायचे आणि सोडून द्यायचे. १९७७ मध्ये तिथे पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मऊ बारीक बिया आधी संपल्या, मग उरल्या त्या काटेरी टणक, आपल्या गोखरूच्याच जातकुळीतल्या. त्या फोडायला जाड चोच लागते. शंभरातले ऐंशीच्या वर पक्षी मेले. जगले त्यांची चोच सरासरीने जाड होती, फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि पुढच्या वर्षीची पिल्लंही जाड चोचीचीच निघाली. लोक हे सांगताना सहज म्हणून जातात की दुष्काळात फिंचची चोच जाड झाली. पण एकाही फिंचची झाली नाही. बारीक चोचीचे मेले म्हणून सरासरी वाढली, बस. वर्गातली कच्ची पोरं शाळेतून काढून टाकायची आणि बोर्डावर लिहायचं की आमच्या वर्गाचा निकाल सुधारला, त्यातला प्रकार आहे हा.

तर झुरळं. आमच्या ट्रॉलीतली ती छोटी, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या उभ्या पट्ट्या असलेली, तिला जर्मन झुरळ म्हणतात. मोरीतलं मोठं लाल उडणारं वेगळं, ते बघून नवरा खुर्चीवर चढतो, ते इथे नको. या जर्मन झुरळांसाठी १९८० च्या दशकात अमेरिकेत गोड आमिषात विष मिसळून ठेवायला लागले, गोडीसाठी ग्लुकोज. सुरुवातीला भरपूर मेली. मग काही वर्षांतच फ्लोरिडात अशी झुरळं सापडली की जी त्या आमिषाला शिवतच नव्हती, म्हणजे विषाला नाही तर ग्लुकोजलाच. १९९३ मध्ये हे छापून आलं आणि पुढे २० वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याचं कारण सापडलं. झुरळाच्या तोंडाजवळच्या केसांमध्ये गोड ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या असतात आणि कडू ओळखणाऱ्या वेगळ्या. या झुरळांमध्ये ग्लुकोज लागलं की कडूवाल्या पेशीच पेटून उठतात. म्हणजे बिचारी डाएटवर वगैरे नाहीत, त्यांना साखर कारल्यासारखी लागते.

असं कडू तोंड घेऊन जन्मलेलं एखादं झुरळ आमिष यायच्या आधीही कुठेतरी असेलच की. तेव्हा ते करंटंच म्हणायचं, सगळे साखरेवर तुटून पडलेत आणि हे उपाशी. त्याची चार पिल्लं कमीच झाली असतील. मग एक दिवस माणसाने ग्लुकोजमध्ये विष घातलं आणि एका रात्रीत त्या करंट्याचं नशीब उघडलं. त्याने काही केलं नव्हतं हो. जग बदललं आणि त्याची खोड उपयोगाची ठरली. नैसर्गिक निवड म्हणतात ती अशी, आणि इथे तर ती नैसर्गिकही नाही, निवडणारा आपलाच हात आहे, ट्यूब धरलेला.

याची पुढची गंमत तर मला सगळ्यात आवडते. झुरळांमध्ये नर मादीला पटवायला पंख उचलून पाठीवर एक गोड रस काढून ठेवतो, ती चढून तो खायला लागते आणि तेवढ्या वेळात तो आपलं काम साधतो. त्या रसातली साखर मादीच्या लाळेने फुटून त्याचं ग्लुकोज होतं. आता कडू तोंडाची मादी असेल तर पहिल्या घासालाच तोंड वाकडं करून उतरते. मंडपातून उठून जाते म्हणा ना. म्हणजे विषापासून वाचली पण लग्न मोडलं. तर मग त्या जमातीत टिकले कोणते नर? ज्यांच्या रसात पटकन न फुटणारी साखर जास्त, आणि जे मुळात काम लवकर आटपतात ते. एका ठिकाणी पाचर मारली की दुसरीकडे फट पडते, मग तिथे दुसरी पाचर. उत्क्रांती म्हणजे प्रगती वगैरे जे आपल्याला वाटतं ना, वर वर चढत जाणारा जिना, तसलं यात काही नाही, हे जुन्या बिल्डिंगच्या लीकेजसारखं आहे, एक बंद केलं की पाणी दुसरीकडून वाट काढतं.

एवढं वाचल्यावर मी गप्प बसणार नव्हतेच. एका रात्री ओट्यावर एका झाकणात ग्लुकोज पावडर कालवून ठेवली आणि दुसऱ्या झाकणात गूळ. म्हटलं सकाळी बघू, आपली झुरळं कुठल्या पंथाची. सासूबाईंनी विचारलं हे काय, तर म्हटलं प्रयोग. सकाळी सहाला उठून बघते तर दोन्ही झाकणं काळी, मुंग्या, आणि ओट्यापासून देवघरापर्यंत रांग. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त हळदीचा डबा आणून माझ्या हातात दिला. विज्ञानाचं आमच्या घरातलं योगदान तिथे थांबलं.

आणि एक, जर्मन हे नाव त्याला उगाच चिकटलंय. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६७ मध्ये नाव दिलं तेव्हा नमुने तिकडचे होते म्हणून जर्मन. २०२४ मध्ये १७ देशांतली झुरळं गोळा करून त्यांचे जनुक तपासले तर निघालं की हे वाण सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात एका रानटी आशियाई झुरळापासून फुटलं, माणसाच्या वस्तीत राहायला आलं आणि मग व्यापाऱ्यांच्या, सैन्याच्या, जहाजांच्या सामानातून जगभर गेलं. ते रानटी भाऊबंद अजून आहेत, पालापाचोळ्यात राहतात, छान उडतात, रात्री दिव्याकडे येतात. आणि आमचं घरचं वाण? उडत नाही, आणि दिवा लागला की पळतं. विचार करा, २१०० वर्षं माणसाच्या घरात दिव्याकडे जे जे आलं ते ते मेलं असणार. आता या जातीचं रानात कुठेच घर उरलेलं नाही, जगात जिथे माणूस नाही तिथे हे झुरळ नाही. आपण त्यांना घरात घुसलेली म्हणतो पण त्यांना बाहेर असं काही नाहीच आहे.

(हे मी जेवताना सांगितलं तर नवरा म्हणाला, पोळी गिळू दे आधी.)

लेकीची टेस्ट झाल्यावर तिला घेऊन मी ऐरोलीच्या त्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेले, खाडीतून बोट नेतात तिथे. घरापासून रिक्षाने दहा मिनिटं आणि वीस वर्षांत मी दोनदा गेलेय, यावरून काय ते समजा. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर असते. बोटीत बसायच्या आधी फळकुटांच्या वाटेवरून तिवरांमधून जावं लागतं. तिथल्या दादाने तिवराचं एक पान दाखवलं आणि लेकीला म्हणाला, "चाटून बघ." तिने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं चाट. पानावर बारीक बारीक दाणे होते, मला आधी धूळ वाटली. मीठ होतं. चक्क मीठ, वेफर्सवर असतं तसं.

तिवराला खाडीचं खारं पाणी मुळातून वर घ्यावंच लागतं, मीठ बरोबर येतं, मग पानांवरच्या बारीक ग्रंथींमधून ते बाहेर टाकतं. कांदळाचं तंत्र वेगळं, ते मुळाशीच बरंचसं मीठ गाळून टाकतं. कांदळाचं बी तर झाडावर असतानाच रुजतं, शेवग्याच्या शेंगेसारखं लांब खाली लोंबतं आणि मग चिखलात पडतं, कारण त्या चिखलात नुसतं बी पडलं तर पुढच्या भरतीला ते कुठे जाईल देव जाणे. आणि त्या चिखलात हवा नाही, खणलं तर काळा, सडक्या अंड्याचा वास, म्हणून तिवराची मुळं खालून वर येतात, पेन्सिली उभ्या खोचल्यासारखी हजारो, श्वास घ्यायला. एकाच चिखलात, एकाच खाऱ्या पाण्यात दोन झाडांनी दोन वेगळी उत्तरं काढली. म्हणजे बघा, परत मीही "काढली" असंच म्हटलं. भाषाच अशी आहे की झाडाला कर्ता केल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. कोणी काढलं नाही काही. ज्यांना मीठ सोसलं नाही अशी लाखो रोपटी त्या चिखलात वाळली, ती या वाक्यात कुठेच येत नाहीत.

त्या पेन्सिलींमध्ये निवट्या उड्या मारत होत्या. ज्यांनी बघितल्या नाहीत त्यांच्यासाठी, निवटी म्हणजे बोटाएवढा चिखलरंगाचा मासा, डोळे डोक्यावर बेडकासारखे बाहेर आलेले, ओहोटीला पाण्याबाहेर चिखलात फिरतो, पुढच्या दोन परांवर कुबड्या टेकत चालल्यासारखा. कल्ल्यांच्या पिशवीत पाणी भरून घेतलेलं असतं, शिवाय ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून मधेच कूस बदलून चिखलात लोळतो, कातडी ओली ठेवायला. मधेच डोळे आत ओढून घेतो, ओले करतो, परत बाहेर काढतो. एक निवटी माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर होती, पाठीवरचा पंख उघडून दुसरीला हाकलत होती. मी दहा मिनिटं तिथेच उभी, बोटवाला हाका मारतोय.

लेक म्हणाली, "म्हणजे ही अर्धी मासा आणि अर्धी जमिनीवरची ना? अजून पूर्ण व्हायचीय?" बरोबर जिन्यावर परत चढली. मी म्हटलं अगं ती पूर्णच आहे. पाण्यातून जमिनीवर आलेले आपले पूर्वज वेगळे, ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचे, त्यातल्या एकाचे अवशेष कॅनडाच्या उत्तरेला सापडले, टिकटालिक म्हणतात त्याला. निवटी त्या ओळीतली नाही, ती गोबी माशांच्या घराण्यातली, तिने स्वतंत्रपणे चिखल धरला. तिला कुठे जायचं नाहीये. भरतीची रेघ आणि ओहोटीची रेघ यांच्यामधला जो पट्टा आहे, जो आपल्याला घाण वाटतो, तिथली ती पटाईत रहिवासी आहे.

कोळीवाड्यातली मावशी आमच्याकडे मासे घेऊन येते, तिला निवट्यांचं विचारलं तर म्हणाली, "पयले टोपलीभर यायच्या पोरी, आता हात कोपरापर्यंत बिळात घातला तरी चार गावत नाय." मग पापलेटं काढली, तळहाताएवढी. पापलेट २०२३ पासून आपला राज्यमासा आहे, मानाने मोठा झाला आणि टोपलीत बारका. मावशीच्या मते मोठी जाळी आली आणि बारीक पोरांनापण सोडत नाहीत, आणि ते खरंच आहे. पण यातही एक झुरळासारखी गोष्ट लपलेली असते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडला कॉड मासा इतका उपसला की १९९२ मध्ये मासेमारीच बंद करावी लागली, आणि त्या आधीच्या वर्षांत असं दिसलं होतं की मासे लहान वयात, लहान आकारातच अंडी घालायला लागलेत. सावकाश वाढून मोठं होणारे जाळ्यात जातात, लवकर उरकणारे पिल्लं मागे ठेवून जातात. मोठा मासा निवडून खाणाऱ्याने बारक्या माशाचं वाण तयार केलं.

तर बोट. खाडीत तेव्हा फ्लेमिंगो होते, एप्रिल होता. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये झालं, जवळपास १६९० हेक्टर, आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. हंगामात लाखाच्या घरात पक्षी असतात. लांबून गुलाबी पट्टा दिसतो, इंजिन बंद करून बोट सरकत जवळ गेली की आवाज येतो, बदकांसारखा कलकलाट, रील्समध्ये वरून गाणं टाकतात त्यामुळे हा आवाज कोणाला माहीतच नसतो. डोकं उलटं करून चोच पाण्यात, जीभ पंपासारखी पाणी आत-बाहेर करते आणि चोचीच्या कडेच्या जाळीत खाणं अडकतं. बहुतेक पक्ष्यांची मुख्यतः खालची चोच हलते, वरची फारशी नाही. फ्लेमिंगोची वरचीपण मोकळी हलते, कारण तो खातानाच उलटा असतो, त्याचं वर ते खाली. लहान फ्लेमिंगो ही त्यांची एक जात, ती मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खाते आणि त्यातल्या रंगद्रव्याने गुलाबी होते, पिल्लं राखाडी असतात, आमच्या समोर चार-पाच तशी उभी होती, नव्या शाळेत आल्यासारखी. आणि इतकं शेवाळ या खाडीत कुठून आलं? अभ्यासक सांगतात त्यात आपल्या शहरांच्या सांडपाण्याचा मोठा हात आहे. म्हणजे ती गुलाबी छटा काही अंशी माझ्या सिंकमधून गेलेली आहे. याचं कौतुक करावं की लाज वाटावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

या बोटीनंतर पंधरा दिवसांनी सोसायटीची मीटिंग झाली. खाडीच्या बाजूच्या गार्डनला मोठे फ्लडलाईट लावायचे, रात्री बॅडमिंटन खेळता येईल. मी उभी राहून म्हटलं की त्या बाजूला पक्षी असतात, लाईट खाली वळवा निदान, किंवा दहाला बंद करा. सेक्रेटरी भले गृहस्थ आहेत, गणपतीत सगळं तेच सांभाळतात, ते हसून म्हणाले, "अहो वहिनी, पक्षी काय, करतील ॲडजस्ट." सगळे हसले. आणि मला तो पेस्ट कंट्रोलवाला आठवला, टॉर्च दातात.

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, नेहमीप्रमाणे लिफ्टमध्ये सुचलं. झुरळाची मादी एका पिशवीत ३०-४० अंडी घेऊन फिरते, अशा चार-सहा पिशव्या आयुष्यात, आणि दोन-तीन महिन्यांत पोरं वयात येतात. वर्षाला तीन-चार पिढ्या. हजार मेली तरी दोन कडू तोंडाची उरली की पुढच्या दिवाळीला घर भरलेलं. फ्लेमिंगो चिखलाच्या उंचवट्यावर एक अंडं घालतो. एक. पिल्लू वयात यायला काही वर्षं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयात मोठा फ्लेमिंगो या जातीचा एक पक्षी होता, तो २०१४ मध्ये गेला तेव्हा किमान ८३ वर्षांचा होता. म्हणजे आज आपल्या खाडीत उभा असलेला एखादा पक्षी ऐरोलीत टॉवर नव्हते तेव्हापासून कच्छ आणि इथे ये-जा करत असू शकतो. त्याच्या एका आयुष्यात झुरळांच्या शे-दोनशे पिढ्या होतात. सेक्टर बांधायला आपल्याला दहा वर्षं लागतात, तेवढ्यात झुरळ बदलतं, डास बदलतो, दवाखान्यातले जंतू बदलतात, फ्लेमिंगोच्या हिशोबात तर अजून नातवंडंही नीट वयात आलेली नसतात. आपल्या वेगाने बदलणाऱ्या जगात टिकायचं तर पिढी छोटी हवी आणि पोरं ढीगभर हवीत, आणि असे जे आहेत त्यांनाच आपण पैसे देऊन मारायला बोलावतो.

तसं खरंखुरं ॲडजस्ट करणारेही असतात, नाही असं नाही. येऊरला किंवा घोडबंदरच्या बाजूला बिबटे आहेत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेकडेने, ते दिवसा दडून राहतात, रात्री निघतात, भटक्या कुत्र्यांवर बरंच भागवतात, कोणत्या गल्लीत कधी शांतता असते हे त्यांना कळतं. हे त्या एका बिबट्याने शिकलेलं असतं, आईबरोबर फिरताना. कावळा एसीच्या तारांचं घरटं करतो तेही तसलंच. फ्लेमिंगोपण एक पाणथळ बुजली तर दुसरीकडे उडून जातो, लोकलमध्ये दुसरा डबा बघतो तसा. पण दुसरा डबा असावा लागतो.

आणि कोण काय करेल हे आपण सांगणार तरी कसं, आपल्याला इथे कोण राहतं हेच धड माहीत नाही. ठाणे-कल्याण भागात उड्या मारणारा एक बारका कोळी सापडला, २०२१ मध्ये त्याला नाव मिळालं, आयसियस तुकारामी, २६/११ ला हातात काठी घेऊन कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळेंवरून. इतकी वर्षं आपल्या ट्रेनच्या आजूबाजूला तो राहत होता, बिननावाचा. त्याचं काय होईल, करेल ॲडजस्ट? पुढच्या मीटिंगला हे सगळं सांगेन म्हणून मी चक्क फोनमध्ये मुद्दे लिहून ठेवलेत. लाईट तोपर्यंत लागले. दहाला बंद करायचे ठरले, साडेअकराला होतात.

काल रात्री पाणी प्यायला उठले, एक वाजला असेल. खाडीकडून वारा होता, चिखलाचा वास, म्हणजे ओहोटी. किचनचा लाईट लावला तर गॅसच्या शेगडीपाशी दोन. एकीच्या शेपटाला ती पिशवी चिकटलेली, तपकिरी, पर्ससारखी, कडेला शिवण घातल्यासारख्या रेघा. जर्मन झुरळाची मादी ती पिशवी पिल्लं निघायच्या बेतापर्यंत पोटाला लावून फिरते, घरातली इतर झुरळं ती कुठेतरी चिकटवून मोकळी होतात. मी क्षणभर बघतच राहिले, हे मान्य करायला हवं. त्या दोघी पेस्ट कंट्रोलवाल्याच्या नव्या ठिपक्याच्या अगदी शेजारून गेल्या, एकीने मिशी लावून बघितली आणि मिशी काढून घेतली.

मग मी चप्पल काढली. एक मेली. पिशवीवाली शेगडीखालून ट्रॉलीच्या फटीत गेली, इतकी झटकन की चप्पल हवेतच राहिली. आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, आधी चप्पल हातात घ्यायची आणि मग लाईट लावायचा. किती वर्षं सांगतेय."